केकवरचे आयसिंग आणि आईची वही

केकवर साखरेचा थर चढवण्याची पद्धत खुद्द केकपेक्षा बरीच उशिरा आली. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात असा लेप मिळायचा तो मुख्यतः ‘मार्चपेन’ला, म्हणजे बदाम आणि साखर एकत्र वाटून थापलेल्या मोठ्या चकतीला. गुलाबपाण्यात साखर कालवून तो पातळ लेप वरून लावत आणि चकती मंद आचेवर वाळवत. त्या काळचा केक यीस्टने फुगवलेला, मनुका-मसाले घातलेला, आजच्या गोड पावाच्या जवळचा होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्चपेनवरचा लेप अशा केकवर उतरला आणि त्यात अंड्याचे पांढरे आले. सर केनेल्म डिग्बी या हौशी सरदाराच्या पाककृतींचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर 1669 साली छापला गेला. त्यात लेप दिलेले केक आहेत आणि बऱ्याच कृतींना त्या देणाऱ्या बायकांची नावेही चिकटलेली आहेत. कृती कोणाच्या घरातून आली हे सांगणे म्हणजे तिच्या खरेपणाची हमी देणे असे.

आयसिंग हे श्रीमंती पक्वान्न होते ते साखरेमुळे. साखर शंकूच्या आकाराच्या टणक ढेपेत मिळे. लोखंडी अडकित्त्याने तिचे खडे काढायचे, ते खलात कुटायचे आणि पूड बारीक चाळणीतून किंवा रेशमी कापडातून गाळायची, तेव्हा कुठे पिठीसाखर तयार होई. ही साखर कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतून येत होती आणि मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. लेप जितका पांढरा, तितकी साखर जास्त वेळा शुद्ध केलेली आणि तितकी महाग. लग्नाच्या केकची शुभ्रता पावित्र्याची खूण मानली गेली हे खरे. पण त्याआधी ती ऐपतीची खूण होती.

हॅना ग्लास हिच्या 1747 सालच्या ‘द आर्ट ऑफ कुकरी मेड प्लेन अँड ईझी’ या पुस्तकात मोठ्या केकच्या आयसिंगची कृती आहे. चोवीस अंड्यांचे पांढरे आणि एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, दोनदा शुद्ध केलेली साखर मातीच्या खोल भांड्यात घालायची आणि दोन ते तीन तास घुसळायची. मिश्रण पांढरे-दाट झाले की रुंद पातळ फळीने किंवा पिसांच्या जुडीने केकला सगळीकडून लावायचे. मग केक विस्तवापुढे बेताच्या अंतरावर ठेवून सारखा फिरवत राहायचा, कारण एकाच बाजूला धग लागली तर रंग बदलतो. निवत आलेली भट्टी असेल तर उत्तम, तासाभरात थर कडक होतो.

या कृतीतले अंड्यांचे प्रमाण आजच्या मानाने फार आहे. आज रॉयल आयसिंग म्हणतात त्याला एवढ्या साखरेसाठी दोन-तीन अंड्यांचे पांढरे पुरतात. अंडी त्या काळी लहान असत, तरी एवढ्याने फरक भरून निघत नाही. ग्लासबाईंचा लेप आजच्या मेरँगच्या, म्हणजे अंड्याच्या गोड फेसाच्या, जवळचा होता आणि त्याला कडकपणा साखरेपेक्षा घुसळण्यातून आणि वाळवण्यातून येत असे. पांढऱ्यातली प्रथिने घुसळल्याने उलगडतात, हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळे धरतात, आणि विरघळलेली साखर त्या जाळ्यातले पाणी धरून ठेवते. हे शास्त्र माहीत नसताना केवळ हाताच्या अंदाजाने बायका ते अचूक साधत होत्या. अर्थात तीन तास हात चालवणारी बाई बहुतेक वेळा पुस्तक वाचणारी मालकीण नसे, तिची मोलकरीण असे.

मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड हिने 1769 साली ‘द एक्सपिरिअन्स्ड इंग्लिश हाउसकीपर’ छापले आणि त्यात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा थर आणि त्यावर साखरेचा थर अशी दुहेरी पद्धत दिली. बदामाचा थर केकमधले तेल आणि रंग वर येऊ देत नाही, त्यामुळे वरचा पांढरा थर डागाळत नाही. ब्रिटिश पद्धतीचा लग्नाचा आणि नाताळचा केक आजही याच क्रमाने सजतो. 1840 साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातल्या केकचे वजन सुमारे 300 पौंड होते.

छापील पुस्तके ही मात्र या गोष्टीची एकच बाजू. सतराव्या-अठराव्या शतकांत कृती मुख्यतः हस्तलिखित वह्यांतून फिरत होत्या आणि या वह्या आईकडून मुलीकडे जात. अशा वह्यांत सर्वात बोलका नमुना लेडी अ‍ॅन फॅनशॉ हिचा आहे. तिची वही 1651 साली लेखनिकाकडून लिहून घेतलेली आहे. तीत औषधे, मलमे, अर्क, मुरंबे आणि स्वयंपाक असे सगळे एकत्र येते आणि कित्येक कृतींच्या कडेला ती तिच्या आईची असल्याची नोंद आहे. नवरा राजदूत म्हणून स्पेनला गेला तेव्हा तिकडच्या गोष्टीही वहीत आल्या. इंग्रजीत लिहिलेल्या आइस्क्रीमच्या सर्वात जुन्या कृतींपैकी एक याच वहीत सापडते. 1678 साली ही वही मुलगी कॅथरीन हिच्याकडे गेली आणि आईने दिल्याची नोंद तिने तारखेसह केली. वही आता लंडनच्या वेलकम संग्रहात आहे.

अटलांटिकपलीकडे जॉर्ज वॉशिंग्टनची पत्नी मार्था हिच्याकडे पहिल्या सासरच्या कस्टिस घराण्यातून आलेले असेच एक हस्तलिखित होते. त्यात पाचशेहून जास्त कृती आहेत आणि जवळजवळ अर्धा भाग गोड पदार्थांनी व्यापलेला आहे. 1799 साली तिने ते नात नेली हिला लग्नाच्या वेळी दिले. अन्नाच्या इतिहासाच्या अभ्यासक कॅरन हेस यांनी 1981 मध्ये ते टिपांसह प्रसिद्ध केले. मार्थाच्या दुसऱ्या एका नातीने आजीसाठी स्वतंत्र कागदावर उतरवलेली मोठ्या केकची कृतीही माउंट व्हर्ननला शिल्लक आहे : 40 अंडी, 4 पौंड लोणी, 4 पौंड साखर, 5 पौंड मैदा, 5 पौंड फळे. खाली, हे आजीसाठी लिहिले, अशी ओळ आहे. ती 40 अंडी कोणी फेसली याचा उल्लेख अर्थातच नाही. वॉशिंग्टनच्या स्वयंपाकघरात गुलाम राबत होते. घराण्याची वही म्हणून जे जपले गेले त्यातले कितीतरी ज्ञान वहीत नाव नसलेल्या हातांचे आहे, हे अशा वह्या वाचताना विसरून चालत नाही.

एकोणिसाव्या शतकात आयसिंग सामान्य घरात आले. बीटमध्ये उसासारखीच साखर असते हे जर्मन रसायनज्ञ मार्गग्राफ याने 1747 सालीच, म्हणजे ग्लासबाईंचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, दाखवून दिले होते. पुढे बीटच्या साखरेचे कारखाने उभे राहिले, भाव उतरले आणि 1874 साली ब्रिटनने साखरेवरचे शुल्कच रद्द केले. 1843 साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने, बायकोला यीस्ट सोसत नसे म्हणून, बेकिंग पावडर तयार केली. त्यामुळे केक हलका झाला आणि तासन्‌तास फेसलेल्या अंड्यांवर त्याची भिस्त राहिली नाही. 1870 मध्ये अमेरिकेत टर्नर विल्यम्सने दोन पात्यांच्या, हातदांड्याने फिरणाऱ्या रवीचे पेटंट घेतले. ‘डोव्हर’ नावाने ती इतकी खपली की काही पुस्तकांत रवी म्हणजे डोव्हर असेच लिहिलेले असे. ग्लासबाईंचे तीन तास आता मिनिटांवर आले.

याच काळात अमेरिकेने आयसिंगला स्वतःचे वळण दिले. तिथे केक एकावर एक थरांचा झाला आणि लेप बाहेरच्या कवचापुरता न राहता थरांमध्येही भरला जाऊ लागला. त्यासाठी कडक थर चालत नाही, मऊ हवा. म्हणून उकळलेल्या पाकाचे आयसिंग पुढे आले. पाक गोळीबंद होईपर्यंत, सुमारे 115 अंश सेल्सिअसला, आणायचा आणि फेसलेल्या पांढऱ्यात बारीक धारेने सोडत घुसळत राहायचे. लाडू-वड्या करणाऱ्या बाईला पाकाची ही परीक्षा समजावून सांगावी लागत नाही. थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळता आली की झाले. पाक कच्चा राहिला तर आयसिंग केकवरून ओघळते, पुढे गेला तर खरखरीत होते. हवेत दमटपणा असेल तर साखर तो ओढून घेते आणि थर चिकट होतो. म्हणून दक्षिणेकडच्या राज्यांत पावसाळी दिवशी हे आयसिंग करू नये असा घरोघरचा दंडक होता. अलाबामातल्या क्लेटन गावच्या एमा रायलँडर लेन हिने 1898 साली ‘सम गुड थिंग्ज टू ईट’ हे छोटे पुस्तक स्वतः छापले. त्यातला, थरांमध्ये अंड्याचे पिवळे, लोणी, मनुका आणि व्हिस्की घातलेला केक आज ‘लेन केक’ म्हणून ओळखला जातो.

घरच्या कृतींची मोठी अडचण मापाची होती. जुन्या अमेरिकन वह्यांत लोणी ‘अंड्याएवढे’ किंवा ‘अक्रोडाएवढे’ घ्यायला सांगितलेले असते. आपल्याकडे चिंच लिंबाएवढी घेतात तसेच. आई शेजारी उभी असेल तोवर एवढे पुरते. 1896 साली बोस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी आपल्या पुस्तकात सपाट भरलेला कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला आणि आयसिंगच्या कृतीही तशाच मोजून दिल्या. या शिस्तीमुळे अनोळखी बाईची कृती दुसऱ्या शहरात जशीच्या तशी उतरू लागली. मापात न बसणारे बरेच काही मात्र पुस्तकाबाहेर राहिले.

ते बाहेर राहिलेले ज्ञान कोणाकडे होते, हे अ‍ॅबी फिशर हिच्या उदाहरणावरून दिसते. साउथ कॅरोलायनात गुलामगिरीत जन्मलेली ही बाई पुढे सॅन फ्रान्सिस्कोला आली, तिथल्या प्रदर्शनांत लोणची-मुरंब्यांसाठी पदके मिळवली आणि 1881 साली तिचे पाककृतींचे पुस्तक निघाले. तिला लिहितावाचता येत नव्हते. सगळे पुस्तक तिने तोंडी सांगितले आणि इतरांनी उतरवून घेतले. तिच्याही आधी, 1866 साली, मालिंडा रसेल या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईने मिशिगनमधल्या पॉ पॉ गावात आपले लहानसे पुस्तक छापले होते. टेनेसीत लुटली गेल्यावर घरी परतण्यापुरते पैसे जमवावेत हा तिचा हेतू होता. त्यात केक आणि गोड पदार्थांचाच भरणा आहे. हे पुस्तक शतकभर कोणाच्या स्मरणातही नव्हते.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात जखमी सैनिकांसाठी निधी उभारायला पाककृतींची पुस्तके विकायची टूम निघाली. 1864 साली फिलाडेल्फियातल्या जत्रेसाठी मारिया मॉस हिने काढलेले पुस्तक अशांपैकी पहिले समजले जाते. पुढे चर्चच्या महिला मंडळांनी, शाळांनी आणि वस्तीतल्या संस्थांनी अशी शेकडो पुस्तके काढली. प्रत्येक कृतीखाली देणारीचे नाव असे आणि केक-आयसिंगचा विभाग बहुधा सर्वात जाड असे. रोजच्या भाजीपेक्षा सणाचा केक लिहून ठेवावासा वाटणे स्वाभाविक आहे. रोजचे हाताला पाठ असते, वर्षातून दोनदा होणारे विसरले जाते.

विसाव्या शतकातल्या युद्धांनी आयसिंगवर थेट घाला घातला. ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 पासून साखर शिधापत्रिकेवर आली आणि त्याच वर्षी केकवर साखरेचे आयसिंग लावण्यावर बंदी आली. लग्नात मग पुठ्ठ्याचा किंवा प्लॅस्टरचा पांढराशुभ्र सांगाडा भाड्याने आणत आणि त्याखाली लहानसा साधा केक ठेवत. साखरेवरचे नियंत्रण उठायला सप्टेंबर 1953 उजाडला. अमेरिकेत साखरेचे रेशनिंग 1942 ते 1947 चालले.

दुसऱ्या महायुद्धातलीच एक वही या विषयात वेगळी उभी राहते. चेकोस्लोव्हाकियातल्या टेरेझिन छळछावणीत उपाशी बायका एकमेकींना आपापल्या घरच्या कृती सांगत आणि मिळेल त्या कागदावर उतरवत. केक, टॉर्ट, गोड भाकऱ्या यांचा त्यात मोठा वाटा होता. मिना पेख्टर हिने त्या कृती शिवून मुलगी अ‍ॅनी हिला पोचवायला एका ओळखीच्या माणसाकडे सोपवल्या. मिना 1944 साली छावणीतच वारली. हातोहात फिरत वही न्यूयॉर्कमध्ये मुलीला मिळाली तेव्हा पंचवीस वर्षे उलटली होती. 1996 साली ती ‘इन मेमरीज किचन’ नावाने छापली गेली. काही कृतींत महत्त्वाचे जिन्नसच सुटले आहेत, काहींत क्रम चुकला आहे. संपादकांनी त्या दुरुस्त केल्या नाहीत, आणि ते योग्यच झाले.

युद्धानंतर कारखाना घरात शिरला. हायड्रोजन घालून घट्ट केलेले वनस्पती तेल ‘क्रिस्को’ नावाने अमेरिकेत 1911 पासूनच विकले जात होते. ते लोण्यापेक्षा पांढरे, स्वस्त आणि उन्हात टिकणारे असल्याने लोणी आणि पिठीसाखरेच्या आयसिंगमध्ये त्याने लोण्याची जागा घेतली. चव मात्र गेली. 1945 मध्ये बफेलोच्या रॉबर्ट रिचने सोयाबीनपासून फेसाळणारे, दुधाविना बनणारे क्रीम तयार केले. भारतातल्या बेकऱ्यांत आज दिसणारे ‘व्हिप क्रीम’ बहुतांशी याच जातीचे आहे. केकची तयार पाकिटे 1930 च्या दशकापासून होतीच, ती 1950 च्या आसपास घरोघरी पोचली. केक पाकिटातून आल्यावर बाईच्या हाताला उरले ते आयसिंग आणि सजावट. लॉरा शपिरो यांनी त्या काळच्या अमेरिकन स्वयंपाकघराच्या इतिहासात हे नेमके टिपले आहे. पाकिटाच्या कंपन्यांनीही जाहिरातींतून सजावटीवरच भर दिला. थोड्याच वर्षांत आयसिंगही डब्यातून आले.

तरी काही घरगुती आयसिंगे टिकली, आणि टिकली ती वह्यांमुळे. रेड व्हेल्व्हेट केकवर आता सर्रास क्रीम चीजचा थर असतो, पण जुन्या कृतींत शिजवलेल्या दुधाचे आयसिंग आहे. पाच मोठे चमचे मैदा एक कप दुधात कालवून मंद आचेवर खळीसारखा दाट शिजवायचा, पूर्ण निववायचा, आणि एक कप लोणी व एक कप साखर एकत्र फेटून त्यात थोडा थोडा घालत पुन्हा फेटायचे. पिठीसाखर लागत नाही, गोडी बेताची राहते आणि पोत साईसारखा येतो. ही युक्ती डब्यातल्या कोणत्याही आयसिंगपेक्षा सरस आहे. उलट दिशेचे उदाहरण जर्मन चॉकलेट केकचे. 1957 साली डॅलसच्या एका वर्तमानपत्राने टेक्सासमधल्या एका गृहिणीची ही कृती छापली आणि नारळ-पिकानचे शिजवलेले आयसिंग देशभर गेले. केकचा जर्मनीशी संबंध नाही. नाव आले ते सॅम्युअल जर्मन याने 1852 मध्ये तयार केलेल्या चॉकलेटवरून.

महाराष्ट्र आणि गोव्यात आयसिंग दोन वाटांनी आले. गोव्यातल्या आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या वेळी मार्झिपान, म्हणजे जुन्या मार्चपेनचेच रूप, होते, आणि बदाम महाग म्हणून त्यात काजू आले. काजूचे झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणलेले. रॅफल्डबाईंचा बदामी थर इथे काजूच्या रूपात वावरतो. दुसरी वाट शहरी मध्यमवर्गाच्या वाढदिवसाची. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 साली आणि कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली आले. ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुजवले. केक मात्र बहुतेक जणी शेजारणीकडून किंवा क्लासमधून शिकल्या. ओव्हन नव्हता तिथे कुकरमध्ये वाळू किंवा मीठ तापवून केक भाजला, अंडे चालत नसे तिथे कंडेन्स्ड मिल्क घातले. आयसिंगला घरचे लोणी उन्हाळ्यात धड उभे राहत नसे, म्हणून 1937 पासून मिळणाऱ्या डालडाचा आधार घेतला गेला. अशा वनस्पती तुपातले ट्रान्स फॅट हृदयाला घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले. अमेरिकेने 2018 पासून अंशतः हायड्रोजनीकृत तेलांवर बंदी आणली, तर भारतात जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आहे.

आईच्या जुन्या वहीतली कृती आज करायची तर डालड्याच्या जागी बिनमिठाचे लोणी घ्यावे आणि अंड्याचे पांढरे कच्चे न वापरता त्यात गरम पाक ओतावा किंवा ते वाफेवर शिजवून घ्यावे. आणि वही उतरवून घेताना तिच्यातली ‘वाटी’ एकदा खऱ्या वाटीने भरून ग्रॅममध्ये तोलावी, तो आकडा मूळ शब्दाशेजारी लिहावा, मूळ शब्द मात्र खोडू नये.